शब्द न वापरता, नुसत्या सुरांतून हसवणारा जॅझ-क्लासिकलवाला संगीतकार कोणी आहे का?

होता ना भाऊ, अमेरिकेचा फ्रँक झॅपा. लोक त्याला रॉकवाला म्हणून ओळखतात, पण पंधराव्या वाढदिवसाला या पोराने घरी काय मागितलं तर एडगार वारेझ या आधुनिक क्लासिकल कंपोझरला ट्रंक कॉल, त्यावरून काय ते समजा. पुढे पिअर बूलेझसारख्या कडक फ्रेंच क्लासिकल कंडक्टरने त्याच्या रचना कंडक्ट केल्या, ते काही उगाच नाही.

आता शब्दांशिवाय हसवायचं कसं, तर ऐकणाऱ्याला एक वाटू द्यायचं अन् करायचं भलतंच. आपल्या इथे नागपूरला वसंतराव देशपांडे सभागृहात बसून ज्याने तबला ऐकला त्याला हे पटकन कळेल, तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणं) सुरू झाली, सगळे समेवर हात टाकायला तयार, अन् तबलजीने मुद्दाम समेच्या जरा आधीच संपवली की हॉलमध्ये हसू फुटतंच. झॅपा हेच करतो, फक्त त्याहून जास्त खोडसाळपणे.

त्याचं 'द ब्लॅक पेज' ऐका. टेरी बोझिओ या ड्रमरसाठी लिहिलेलं, नोटेशन इतकं गच्च की कागद काळाच दिसतो, म्हणून ते नाव. १९७६ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला वाजवलं तेव्हा एकदा ते अवघड प्रकरण जसंच्या तसं, अन् नंतर तीच चाल, तेच ठेक्यात न बसणारे, पाच-पाच सात-सात स्वरांचे वाकडे तुकडे, पण खाली सरळसोट डिस्कोछाप ठेका! पाय म्हणतो नाच अन् कान म्हणतो थांब बाप्पा, हे काय होऊन राहिलं. १९७३ मध्ये तर एका शोला त्याने प्रेक्षकांनाच स्टेजवर बोलावलं अन् सांगितलं की ठेक्यावर नाही, त्याचा कीबोर्डवाला जॉर्ज ड्यूक जे भराभर स्वर गाईल त्यावर नाचायचं. कोण नाचणार त्याच्यावर, पण लोक नाचले.

१९६३ मध्ये टीव्हीवर सायकलही वाजवली होती त्याने, स्पोक छेडून अन् त्यावर बो (व्हायोलिनसारख्या वाद्यांचा गज) घासून, तेही टाय लावून.

एक मात्र आहे, त्याच्या गाण्यांचे शब्द बरेचदा अश्लील असतात, अन् खरं सांगू, तिथे तो मला एवढा हसवतही नाही. घरी स्पीकरवर लावणार असाल तर 'हॉट रॅट्स' (१९६९) या अल्बमपासून सुरू करा, जवळपास सगळं नुसतं वाजवलेलं आहे, एका ट्रॅकमध्ये कॅप्टन बीफहार्ट नावाचा गायक गातो तेवढंच.