मरीयेचा मान आणि देवाची आराधना

प्रश्न : कॅथलिक लोक येशूची आई मरीया हिची आराधना करतात, असा आक्षेप माझे प्रॉटेस्टंट स्नेही घेतात. तो खरा आहे का?

उत्तर : कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे आराधना केवळ परमेश्वराची होते, संतांना मान दिला जातो आणि मरीयेला त्याहून मोठा मान, पण तोही आराधनेच्या अलीकडेच थांबतो. रोझरीच्या माळेवर, म्हणजे जपमाळेवर, मरीयेला उद्देशून म्हटली जाणारी प्रार्थना नीट ऐकावी : पूर्वार्धात बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात देवदूताने आणि मरीयेची नातलग अलीशिबा हिने तिला केलेले अभिवादन आहे, आणि उत्तरार्धात मरीयेकडे मागणे एवढेच की, आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या घटकेला विनंती कर. देणारा देवच, ती विनवणारी.

तरीही आपल्या स्नेह्यांचा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही, असे मला मनापासून वाटते. देव व मानव यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ आहे, हे बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील वचन त्यांना फार मोलाचे आहे, आणि मूर्तीपुढे मेणबत्ती लावून गुडघे टेकलेल्या माणसाच्या मनात ती सीमारेषा पुसट होईल, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हे. १८५४ मध्ये निष्कलंक गर्भसंभव (मरीया गर्भात आल्या क्षणापासून मूळ पापापासून मुक्त होती) आणि १९५० मध्ये स्वर्गोन्नयन (ती देहासह स्वर्गात घेतली गेली) हे पोपनी श्रद्धासिद्धांत म्हणून घोषित केले. त्यांना बायबलचा स्पष्ट आधार नाही, असे प्रॉटेस्टंट म्हणतात, तर कॅथलिक परंपरेलाही प्रमाण मानतात. मतभेदाचे खरे मूळ येथे आहे. प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक खुद्द मार्टिन ल्यूथर याने मात्र १५२१ मध्ये, लूकच्या शुभवर्तमानात मरीयेने गायिलेल्या स्तोत्रावर अत्यंत आदराने भाष्य लिहिले होते, आणि इ.स. ४३१ मध्ये इफिस येथे भरलेल्या चर्चच्या धर्मपरिषदेने मान्य केलेली ‘देवमाता’ ही तिची पदवीही त्याने कधी नाकारली नाही.