मे महिन्याची सुट्टी आणि सोसायटीतली पोरं

यंदा पोरांची जबाबदारी तुझ्याकडे आली आहे ना? मग ते तासातासाचं वेळापत्रक आधी फाडून टाक. अकरा ते साडेचार उन्हात कुणी खेळायचं नाही, एवढा एक नियम पुरे.

सुरुवात लगोरीनं कर. सात चपट्या ठिकऱ्या आणि एक रबरी चेंडू, बस्स. शिवाय पाच वर्षांचं कच्चं लिंबूही त्यात सहज सामावतं. खो-खोला आठ जण बसायला, एक पाठलागाला आणि वर पळणारे लागतात. तेवढी मुलं नसतील तर पाचच बसव, काही बिघडत नाही. क्रिकेट मात्र उशिरा आण. बॅट हातात आली की थोरले ती सोडत नाहीत आणि धाकटे नुसते चेंडू आणत पळतात.

दुपारी वाचन. ‘वाचा रे’ म्हटल्यानं कुणी वाचत नाही. एखाद्या आजोबांना मोठ्यानं वाचायला बसव. रोज एकच प्रकरण, आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचं. आजोबांनाच ते जड जातं! पन्हं त्यानंतर.

१ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी असतेच, त्या सकाळी आई-बाबांनाही लगोरीत उतरव. जमलं तर एक दिवस पाचगणीजवळच्या भिलारला जा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, तिथल्या घरांमध्ये बसून पुस्तकं वाचता येतात. कुणी काय वाचायचं ते तू ठरवू नकोस. निघताना टोप्या तेवढ्या मोजून घे.