गुऱ्हाळाची चित्रकथा

प्रश्न : मी करवीर तालुक्यात सातवीला विज्ञान शिकवते. मुलांकडून कॉमिक किंवा फोटोकथा करून घ्यावी असे मनात आहे. पण त्यातून विज्ञान समजते, की नुसती करमणूक होते?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : करमणूक होईलच, आणि तिला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र पाठ्यपुस्तकातला परिच्छेद पात्राच्या तोंडच्या फुग्यात कोंबला, तर ती सचित्र घोकंपट्टीच ठरते. आपल्याकडे हंगामात गुऱ्हाळे सुरू असतात. सुरुवात तिथूनच करावी. काहिलीतल्या तापत्या रसात भेंडीचे चिकट पाणी घातल्यावर वर येणारी मळी फोटोत छान दिसते. परंतु तो चिकटपणा गाळाचे बारीक कण एकत्र कसे आणतो, हे कॅमेऱ्याला टिपता येत नाही, म्हणून तेवढी चौकट मुलांनी हाताने काढावी. पुढच्या चौकटीत तापमापी हवी. पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, पण रसातले पाणी उडून साखरेचे प्रमाण वाढेल तसा त्याचा उत्कलनांक चढत जातो आणि गुळासाठी काहील साधारण ११८ अंशांना उतरवतात. गुळव्या मात्र थोडा पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, हे बोटांनी पाहतो. या दोन चौकटी शेजारी ठेवाव्यात आणि बोटांना जे कळते तेच तापमापी कसे सांगते, याचा संवाद मुलांनाच लिहू द्यावा; समजले की नाही, ते तिथे उघड होते. चुलाणाजवळचे फोटो मात्र तुम्ही स्वतः, गुळव्याला विचारून काढावेत.