वाचक विचारतात: ऑपरेशन थिएटरमधला तो ‘कंपनीचा माणूस’

प्रश्न: ताई, माझी मुलगी यंदा बायोमेडिकल इंजिनिअर झाली. एका मोठ्या परदेशी मेडिकल डिव्हाइस कंपनीत तिला क्लिनिकल स्पेशालिस्ट म्हणून ऑफर आलीय, पेसमेकरच्या डिव्हिजनला. ऑफिस अंधेरी ईस्टला आहे, पण ती म्हणते तिथे बसायचंच नसतं, सगळं काम हॉस्पिटलमध्ये, कधी रात्रीबेरात्रीही. तिचे काका म्हणतात एवढं इंजिनिअर होऊन शेवटी सेल्सच करणार का. तुम्ही याच लाइनमध्ये होतात म्हणून विचारते, काम नेमकं काय असतं आणि पाठवू का तिला? (एक आई, डोंबिवली)

उत्तर: काकांना आधी सांगून टाका की हो, सेल्सच आहे. कार्डावर स्पेशालिस्ट लिहा नाहीतर कन्सल्टंट, तिचा पगार त्या पेसमेकरच्या डब्यातूनच येणार. पण हे साबण विकण्यासारखं सेल्स नाही. इथे विकलेली वस्तू त्याच दिवशी तुमच्या डोळ्यांसमोर कुणाच्या तरी छातीत बसवतात, आणि ती बसवताना तुम्ही तिथे उभे असता.

मी बावीस वर्षं उभी होते. दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी साडेसातला फोन येतो, परळला नऊची केस आहे. मग लोकल, मग टॅक्सी, हॉस्पिटलचे कपडे चढवायचे, त्यावर शिशाचा एप्रन, पाचसहा किलोचा, कारण कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या केसेस करतात त्या खोलीत, एक्सरे चालू असतो. डॉक्टर शिरेतून वायर हृदयात सोडतात, तिला लीड म्हणतात, तिचं बाहेरचं टोक केबलने आमच्या मशीनला जोडतात आणि मग खोलीतले सगळे तुमच्याकडे बघतात. तुम्ही आकडे वाचायचे. थ्रेशोल्ड किती, म्हणजे हृदयाला ठोका द्यायला कमीत कमी किती व्होल्ट लागतायत, एकच्या आत आला की डॉक्टरांचा चेहरा सैल होतो आणि दोनच्या वर गेला की लीड काढून दुसऱ्या जागी लावून बघतात, परत आकडे, परत वाचा, आणि हे कधी वीस मिनिटांत होतं तर कधी अडीच तास चालतं आणि एप्रन अंगावरच असतो. पाठ जाते हो. आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांच्या मानेला पट्टा लागलाय. तिला आत्ताच सांगा, दोन भागांचा एप्रन माग, कमरेवर वजन घेणारा, आणि टीएलडी बॅज पहिल्या आठवड्यात माग. हा बॅज अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजतो आणि तीन महिन्यांनी तपासायला जातो. मला तो मिळायला सहा महिने लागले होते, कारण मी मागितलाच नव्हता, वाटलं देतील आपणहून. पुढे दिवस गेले तर लगेच सांगायचं आणि लॅबबाहेरचं काम घ्यायचं, लाजायचं नाही.

रात्रीचं विचारलंत. स्टेंटवाल्यांना (स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवायची जाळी) सहसा जावं लागत नाही, त्यांचा माल हॉस्पिटलच्या कपाटात कन्साइनमेंटवर पडलेला असतो, लागेल तसा वापरतात आणि नंतर बिल होतं. पेसमेकरवाल्यांना कधीकधी जावं लागतं. कुणाचं शॉक देणारं मशीन, म्हणजे आयसीडी, उगाच शॉक देतंय, कुणाचं तातडीचं एमआरआय आहे आणि त्याआधी सेटिंग बदलायचंय, तर ज्याच्याकडे प्रोग्रॅमर, म्हणजे ते सेटिंग करायचं मशीन, तो जाणार. कंपनी कॅबचे पैसे देते, तरी घरी दोन वाजता येऊन सकाळी परत आठ सतराची फास्ट पकडायची आणि डोंबिवलीत त्या लोकलमध्ये चढायचं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

मला विचाराल तर या नोकरीत सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. त्या खोलीत तुम्ही डॉक्टर नसता, नर्स नसता, पेशंटचे कुणी नसता. पेशंटला हात लावायचा नाही, पण ते मशीन मात्र खोलीतल्या इतर कुणाहीपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं, तेव्हा कधी गप्प बसायचं आणि कधी तोंड उघडायचं हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नीट शिकवत नाहीत. मी चोवीस वर्षांची असताना उपनगरातल्या एका हॉस्पिटलमध्ये दोन लीडची केस होती, वरच्या कप्प्याची एक आणि खालच्या कप्प्याची एक, आणि डॉक्टर घाईत होते कारण बाहेर पुढचा पेशंट टेबलसाठी थांबलेला. टाके घालायला घेतले आणि मला स्क्रीनवरचे सिग्नल उलटे दिसायला लागले. माझ्या पोटात गोळा. एवढे सीनियर सर, मी कालची पोर. तरी म्हटलं, सर, एकदा पोर्ट बघूया का. पोर्ट म्हणजे डब्यातली लीड खोचायची जागा. ते म्हणाले मी वीस वर्षं हेच करतोय. मी म्हटलं हो सर, पण एकदा. बघितलं तर लीड अदलाबदल झाल्या होत्या. काढल्या, नीट लावल्या, टाके घातले, कुणी काही बोललं नाही, थँक्यू वगैरे तर सोडाच. पुढच्या केसला मात्र त्यांनी नर्सला सांगितलं हिला चहा द्या.

आणि एकदा बोलले नाही तेही सांगते. क्वार्टर एंड होता, म्हणजे तिमाहीचा शेवट. कुठल्या कंपनीचं वर्ष मार्चला संपतं, कुठल्या एप्रिलला, कुठल्या डिसेंबरला, पण क्वार्टर एंडची कळ सगळीकडे सारखीच. टार्गेटला थोडं कमी पडत होतं आणि वरून सांगितलं की डिस्ट्रिब्युटरवर माल टाक, पुढच्या महिन्यात जाईल. मला दिसत होतं की जाणार नाही, एवढ्या केसेसच नाहीत त्याच्याकडे. टाकला मी. इन्सेंटिव्ह मिळाला, टाळ्या मिळाल्या, नऊ महिन्यांनी तोच माल एक्स्पायरी जवळ आल्यामुळे परत आला, मेलवर मेल, आणि ज्यांनी सांगितलं होतं ते तोवर दुसऱ्या कंपनीत. सही माझी होती. मुलीला हे जरूर वाचून दाखवा.

मोठ्या कंपनीचा फायदा विचाराल तर ट्रेनिंग. खरंच चांगलं असतं, हृदयाची अशी ओळख करून देतात की कॉलेजात चार वर्षांत झाली नसेल. आणि फील्ड नको वाटलं तर आत दरवाजे बरेच असतात, क्वालिटी, रेग्युलेटरी (म्हणजे सरकारी परवानग्यांचं काम), ट्रेनिंग. रेग्युलेटरीला हल्ली मान वाढलाय. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स 2017 मध्ये आले आणि 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले, त्यात ए ते डी असे धोक्याप्रमाणे वर्ग पाडले, सगळ्यात कमी धोक्याच्या वस्तू ए मध्ये आणि हार्टचा व्हॉल्व्ह डी मध्ये, आणि पुढे एप्रिल 2020 पासून कायद्याने सगळीच मेडिकल डिव्हाइसेस ‘औषध’ या व्याख्येत आली. म्हणजे कागद, कागद आणि कागद. ते काम करणारी माणसं संध्याकाळी पाचला ऑफिसातून उठत नाहीत, कारण पाचला युरोप भरात असतो आणि सातच्या पुढे अमेरिका उठते. एक बॉस मुंबईत, दुसरा सिंगापूरला, त्याला डॉटेड लाइन म्हणतात, म्हणजे ओरडा दोघांचा आणि रजा एकाचीच मंजूर.

पाठवा तिला. मुलगी म्हणून अडू नका, ही लाइन आता पुष्कळ मुली चालवतायत. फक्त दोन वर्षांनी तिला विचारा, केसला जाताना अजून पोटात गोळा येतो का. येत असेल तर ठीक चाललंय.

प्रश्न: मी फार्मामध्ये सहा वर्षं एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) आहे, घाटकोपर ते मुलुंड एरिया. डिव्हाइसमध्ये पैसा जास्त म्हणतात. शिफ्ट होऊ का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर: पैसा बरा आहे, पण पूर्वीचे दिवस राहिले नाहीत. 13 फेब्रुवारी 2017 ला एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी खात्याने, स्टेंटच्या किमतीला कॅप लावला. औषधाचा लेप असलेला स्टेंट, ज्याची छापील किंमत लाखाच्या वर असायची, तो 29,600 वर आला आणि साधा 7,260 वर. दुसऱ्या दिवशी व्हॅलेंटाइन डे, आणि आम्ही सगळे स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये लेबलं मोजत बसलेलो. ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्यांची पाळी आली. आमची तेव्हा चिडचिड झाली हे खरं, पण पेशंटच्या बाजूने बघितलं तर ते व्हायलाच हवं होतं, असं मी आता नोकरी सोडल्यावर मोकळेपणी म्हणते.

दुसरं म्हणजे व्हिजिटची सवय सोडावी लागेल. फार्मात तुम्ही डॉक्टरला दोन मिनिटं भेटता, इथे दोन तास सोबत उभे असता, त्यामुळे पाठ केलेलं डिटेलिंग पंधराव्या मिनिटाला संपतं. गिफ्ट, सहली वगैरेवर धंदा करायची सवय असेल तर तीही विसरा, 2024 ला डिव्हाइसवाल्यांसाठीही मार्केटिंगचा वेगळा कोड आलाय. सुरुवात ऑर्थो किंवा सर्जिकलच्या एखाद्या डिस्ट्रिब्युटरकडे करा, वर्षभर ऑपरेशनला लागणारे स्क्रू-प्लेट्सचे सेट पोचवा, परत आणा, मोजा, एक स्क्रू कमी निघाला की कुणाची झोप उडते ते बघा. मग ठरवा.

प्रश्न: वडिलांना पेसमेकर बसवला, आता बरे आहेत. पण ऑपरेशनच्या वेळी आत एक लॅपटॉपसारखं मशीन घेतलेला मुलगा जाताना दिसला, वॉर्डबॉय म्हणाला कंपनीचा माणूस आहे. डॉक्टरांना बसवता येत नाही म्हणून कंपनीवाला लागतो का? मला ते बरं नाही वाटलं. (एक मुलगा, गिरगाव)

उत्तर: वाटणं साहजिक आहे. पण बसवतात डॉक्टरच. तो मुलगा आकडे वाचतो आणि मशीनची सेटिंग करतो, त्यासाठीचा प्रोग्रॅमर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

ही पद्धत पेसमेकरइतकीच जुनी आहे. अमेरिकेत मिनियापोलिसला अर्ल बाकेन नावाचा माणूस 1949 पासून एका गॅरेजमध्ये हॉस्पिटलची बिघडलेली उपकरणं दुरुस्त करायचा, त्यातूनच आजची मेडट्रॉनिक ही पेसमेकरची कंपनी उभी राहिली. तेव्हाचे पेसमेकर भिंतीतल्या प्लगवर चालायचे. 1957 च्या ऑक्टोबरमध्ये शहरात वीज गेली, आणि लिलेहाय नावाच्या सर्जनने बाकेनला विचारलं की बॅटरीवर चालणारं काही करता येईल का. त्याने मासिकात आलेल्या मेट्रोनोमच्या सर्किटवरून, गाण्यात ताल धरायला वापरतात ना तो, एक छोटा डबा काही आठवड्यांत बनवून दिला. थोडक्यात काय, दुरुस्तीवाला हॉस्पिटलमध्ये जात होता म्हणूनच हे घडलं.

तरीही तुम्ही विचारायला हवं होतं, आणि हॉस्पिटलने आधी सांगायला हवं होतं की आत कंपनीचा माणूस असेल. ते बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत, मला ते तेव्हाही खटकायचं.

आता कामाचं. वडिलांचं पेसमेकरचं कार्ड मिळालं का बघा, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. ते त्यांच्या पाकिटात ठेवा आणि फोटो काढून तुमच्या मोबाइलमध्येही ठेवा, कारण उद्या रात्री कुठल्या अनोळखी हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच येतो, कुठल्या कंपनीचा. डब्यावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले असतात, डिस्चार्जच्या फाइलमध्ये ते आलेत का तेही बघा. पुढे मशीनबद्दल काही शंका आली, जखम लाल झाली, चक्कर यायला लागली, तर आधी डॉक्टर, कंपनीच्या मुलाला व्हॉट्सॲप नाही. आणि उपकरणातच दोष वाटत असेल तर सरकारचा 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, 1800-180-3024 हा फुकटचा नंबर, तिथे पेशंटच्या घरचेही कळवू शकतात.

कार्ड मिळालं नसेल तर उद्याच हॉस्पिटलला जा. नंबर त्यांच्याकडे लिहिलेला असतो.