अमेरिकेत बंदुकीसाठी नवे कायदे हवेत, की आहेत त्यांचीच नीट अंमलबजावणी?

दोन्ही हवं. पण आधी अंमलबजावणीकडे बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्सच्या चर्चमध्ये गोळीबार झाला, २६ जीव गेले. मारेकरी हवाई दलात असताना बायकोला आणि सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयात दोषी ठरला होता. अशा माणसाला बंदूक विकायला तिथे कायद्यानेच बंदी आहे! पण हवाई दलाने ती नोंद एफबीआयकडे पाठवलीच नाही, त्यामुळे खरेदीवेळच्या तपासणीत काहीच सापडलं नाही. २०२१ मध्ये न्यायालयाने यासाठी सरकारला ६० टक्के जबाबदार धरलं.

तरीही ‘आहेत ते कायदे पुरेत’ हे मला अजिबात पटत नाही. तपासणी कामकाजाच्या तीन दिवसांत पूर्ण झाली नाही, तर दुकानदार बंदूक देऊन टाकू शकतो. ही पळवाट कायद्यातच आहे, आणि २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याच्या हाती पिस्तूल तिच्यातूनच आलं. शिवाय खासगी माणसाकडून बंदूक घेतली, तर बऱ्याच राज्यांत तपासणीच लागत नाही. तिथे अंमलबजावणी करायची तरी कशाची?