पवनचक्क्यांमुळे मरणाऱ्या पक्ष्यांची भरपाई झाडं लावून होते का?

तुमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावाजवळ पठारावर पवनचक्क्या येताहेत, 'पक्ष्यांच्या भरपाईपोटी' कंपनी झाडं लावणार म्हणते, आणि नागपुरात राहून यावर नेमकं काय विचारायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

झाडांनी ही भरपाई होत नाही. पात्यांचा मोठा फटका बसतो तो शिकारी पक्ष्यांना आणि वटवाघळांना. गरुड उशिरा वयात येतो आणि वर्षाला एखाद-दुसरंच पिल्लू वाढवतो, त्यामुळे मोजके प्रौढ गेले तरी संख्या उतरणीला लागते. शिवाय पठारावरचं जीवन उघड्या गवतावर उभं आहे, तिथे रोपवन केलं तर नुकसानच वाढतं. आपल्या अकोला-वाशीमच्या माळांवरचा तणमोर हा गवताळ रानातला पक्षीही रोपवन झालं की टिकत नाही.

आधी मृत्यूंचा खरा आकडा मागा. चक्कीखाली सापडलेले मृत पक्षी म्हणजे मेलेले पक्षी नव्हेत. काही गवतात दिसत नाहीत, काही कुत्री-मुंगसं उचलतात, काही शोधलेल्या पट्ट्याबाहेर पडतात. समजा शोधणाऱ्याला निम्मे सापडतात, पुढच्या फेरीपर्यंत 40 टक्केच जागेवर उरतात आणि 75 टक्के क्षेत्र शोधलं. मग सापडलेल्या 6 चा अर्थ 6 ÷ (0.5 × 0.4 × 0.75), म्हणजे 40 मृत्यू. पहिले दोन गुणांक त्याच जागी मेलेले पक्षी मुद्दाम ठेवून, चाचणी घेऊन काढावे लागतात. अहवालात ही चाचणीच नसेल तर '6' या आकड्याला अर्थ नाही.

आणि सगळं नुकसान मृत पक्ष्यांत दिसतही नाही. सातारा जिल्ह्यातल्याच चाळकेवाडीच्या पठारावरच्या अभ्यासात (2018) चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आढळले, आणि शिकारी घटल्याने सरडे वाढले.

भरपाईआधी मृत्यू कमी करणं येतं. वटवाघळं मंद वाऱ्यात जास्त उडतात. चक्की साधारण सेकंदाला 3 ते 3.5 मीटर वाऱ्यावर वीज देऊ लागते. रात्री ती 5 किंवा 6.5 मीटरपर्यंत थांबवून ठेवल्यावर अमेरिकेतल्या चाचण्यांत मृत्यू 44 ते 93 टक्क्यांनी घटले, आणि वर्षाच्या विजेतली घट एक टक्क्याच्या आत राहिली. इतक्या स्वस्त उपायाला नकार मिळाला तर कारण लेखी मागा.

उरलेल्या मृत्यूंची भरपाई त्याच जातीच्या पक्ष्यांत व्हायला हवी. अमेरिकेत एका सोनेरी गरुडामागे 1.2 गरुड वाचवावे लागतात, तेही बहुतेकदा विजेचे धोकादायक खांब सुधारून. पंख पसरताना दोन तारांना, किंवा तारेला आणि खांबावरच्या आडव्या लोखंडी पट्टीला (क्रॉसआर्म) एकदम स्पर्श झाला की पक्षी जळतो. गरुडासाठी हे अंतर आडवं 150 आणि उभं 100 सेंटिमीटर तरी हवं. ते नसेल तर जंपर (खांबावर तारा जोडणारे तारेचे तुकडे) आणि इन्सुलेटरजवळची तार झाकतात. बिघाड इथेच होतो: साधं प्लास्टिक उन्हाने तडकतं, आणि दुरुस्तीला चढलेला लाइनमन काढलेलं आवरण परत बसवत नाही. म्हणून खांबांची यादी, दरवर्षीची तपासणी आणि त्यासाठी वेगळा ठेवलेला पैसा, तिन्ही मागा. खांब त्याच पक्ष्यांच्या वावरातले हवेत. गोंदियात सारसासाठी तारा झाकणं अत्यंत गरजेचं आहे, पण ते साताऱ्याच्या गरुडाच्या खात्यात धरता येत नाही.

कायद्याची बाजू कमजोर आहे. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत पवनऊर्जा येत नाही. वनजमीन लागली तरच वन मंजुरी लागते, आणि त्यातलं पर्यायी वनीकरण जमिनीपोटी असतं, पक्ष्यांपोटी नव्हे. तसा प्रस्ताव असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तो दिसतो. राज्याच्या वन विभागाचं मुख्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे, माहिती अधिकाराचा अर्ज तिथे टाका. जमीन खासगी असेल तर कर्ज कोण देतंय ते शोधा. जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचे (IFC) निकष लागू असतील तर सहावा निकष जैवविविधतेचा आहे. त्या निकषाखाली केलेली योजना आणि मृत पक्ष्यांच्या शोधाच्या मूळ नोंदी मागवा.