स्का-पंक गिटार: 'फिर्मे'च्या वेगाला घाबरू नका

गिटारवर स्का-पंक (जमैकाचं स्का आणि पंक रॉक यांची सरमिसळ) शिकायला 'फिर्मे'पासून सुरुवात करताय, उत्तम! रिव्हरसाइड, कॅलिफोर्नियाच्या व्हूडू ग्लो स्कल्स या बँडचा १९९५चा हा अल्बम इंग्रजी आणि स्पॅनिश, दोन्हींत आहे, दोन्ही ऐका. पण त्याच्याबरोबर लगेच वाजवायला जाऊ नका. मनगट आखडेल.

मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ९० ठोक्यांवर लावा. तोंडाने 'एक-आणि-दोन-आणि' म्हणत फक्त 'आणि'वर वाजवा, हात खालून वर. कॉर्ड पूर्ण धरा, पण छेडायच्या त्या तीन बारीक तारा. सहाही छेडल्या की आवाज जाड होतो आणि बेस झाकला जातो.

खरी मेख डाव्या हातात आहे. सूर वाजताच बोटांचा दाब सैल करा, बोटं तारांवरून उचलू मात्र नका; उचलली की मोकळ्या तारा घुमतात. सूर लांबला तर स्का उरतच नाही.

हमखास होणाऱ्या चुका:
- स्काच्या भागातही डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) चालू ठेवणं. ते पंकच्या भागापुरतं.
- ट्रम्पेटच्या मागे धावणं (मोह होतोच!). कान ड्रमवर ठेवा.

सलग दोन मिनिटं न अडखळता जमलं की वेग ५ ने वाढवा. अल्बममधले लॅटिन ठेके सध्या नुसते ऐका.